सात नंबरची स्लाइड

मी 'मदत' बोलतेय. पडद्यावर दाखवायच्या स्लाइड ज्या प्रोग्रॅममध्ये बनवता, त्याच्या वरच्या कोपऱ्यातलं छोटं प्रश्नचिन्ह म्हणजे मी. तुम्ही मला पाहिलं असेल, दाबलं नसेल. दाबलं असेल तर चुकून, आणि तेवढ्याच वैतागानं बंदही केलं असेल.

प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी सगळं काम उरकल्यावर कंटाळलेल्या बोटांनी मला लिहिलं. तरी लिहिलं पूर्ण. कुठलं बटण काय करतं, बिघडलं तर कसं सुधारायचं, सगळं माझ्यात आहे. माणूस मात्र तासभर कपाळ बडवेल, शेजारच्याला हाका मारेल, यंत्राच्या सात पिढ्या उद्धारेल, पण चार ओळी वाचणार नाही. माणसांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

कर्नाटकातल्या होसकेरेच्या रेशीम अंडी केंद्रातल्या लॅपटॉपवर मी नऊ वर्षं काढली. तिथला उपसंचालक रेणुकाप्रसाद. त्याला साहेब म्हणायची सक्ती माझ्यावर नाही. ज्याला विचारावं लागतं त्याला काही येत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. स्वतःला काही आलं नाही की पुट्टलक्ष्मीला बोलावून घ्यायचा.

पुट्टलक्ष्मी तिथली तांत्रिक सहायक, सात वर्षं कंत्राटावर. तिला इंग्रजी बेताचंच. शेजारी कन्नड शब्दकोश उघडा ठेवून ती मला एका बोटानं प्रश्न टंकायची, आणि उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. नऊ वर्षांत असं वाचणारी ती एकटीच.

तिच्या सातव्या वर्षी केंद्रानं शेतकऱ्यांना दिलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या कोष करायच्या आधीच काळे ठिपके येऊन मेल्या. एकेचाळीस घरांत. मादय्या नावाचा म्हातारा रेशीम शेतकरी मेलेल्या अळ्यांनी भरलेलं सूपच घेऊन आला आणि ते त्यानं रेणुकाप्रसादच्या टेबलावर, कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवलं. रेणुकाप्रसादनं नाकाला रुमाल लावला आणि तुमच्या घरांत स्वच्छता नाही, असं सुनावलं.

मादय्या म्हणाला, "पंचवीस वर्षं अळ्या पाळतोय. घरात बाळंतीण होती तेव्हासुद्धा त्या खोलीत कुणी चप्पल घालून गेलं नाही. रोग तुमच्या अंड्यांत होता."

खरं तेच होतं. अंडी घातलेली प्रत्येक पतंग-मादी खलात वाटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, रोग दिसला तर तिची अंडी जाळायची, हा तिथला नियम. फेब्रुवारीत अकरा दिवस ती तपासणी झालीच नव्हती. तपासणारी माणसं रेणुकाप्रसादच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात राबत होती. पुट्टलक्ष्मीनं तेव्हाच लेखी कळवलं होतं. तो कागद गहाळ झाला.

मग बंगळूरहून चौकशी समिती येणार असं ठरलं. एकेचाळीस जणांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांचा अंड्यांचा पुरवठा कायमचा बंद करायचा, असा रेणुकाप्रसादचा प्रस्ताव होता. स्लाइड अर्थातच पुट्टलक्ष्मीनं बनवायच्या. तिनं सात नंबरवर तपासणीचा तक्ता टाकला. अकरा तारखांपुढचे रकाने कोरे.

रेणुकाप्रसादनं तो पाहिला आणि दार लावून घेतलं. "ही पडद्यावर दिसता कामा नये. आणि मॅडम, तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच खणात आहे."

तो गेला. डब्यातला रागीमुद्दा, नाचणीचा उंडा, तिनं तसाच झाकून ठेवला. मग तिनं मला विचारलं, स्लाइड काढून टाकायची कशी. मी सांगितलं. त्याच पानावर खाली, न काढता लपवायची कशी, तेही होतं. आणि अगदी तळाशी, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, एक ओळ: लपवलेली स्लाइड मध्येच दाखवायची झाल्यास तिचा आकडा दाबून एंटर दाबा.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. स्लाइड काढली नाही, लपवली.

समिती आली त्या दिवशी अध्यक्ष भागीरथी अय्यंगार पुढच्या रांगेत. मागं भिंतीला टेकून मादय्या आणि त्याचे गाववाले. रेणुकाप्रसाद बोलत होता, पुट्टलक्ष्मी लॅपटॉपशी बसून एकेक स्लाइड पुढं नेत होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मादी पतंगांची तपासणी रोज झाली?"

"रोज, मॅडम. एका दिवसाचा खंड नाही."

पुट्टलक्ष्मीनं बोट आकड्यांकडं नेलं. तिनं सात दाबला. मग एंटर.

पडद्यावर अकरा कोरे रकाने आले. मागच्या रांगेतल्या ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही कोरं म्हणजे काय ते कळलं.

"बंद कर ते," रेणुकाप्रसाद दातओठ खात पुटपुटला. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

मग तो स्वतः धावला. हाताला येईल ते बटण दाबू लागला आणि त्यात त्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा मला दाबलं. मी तक्त्यावर उघडले, बटणांची अख्खी यादी घेऊन. पडदा काळा करायचा असेल तर इंग्रजी 'बी' अक्षर दाबा, हेही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याच्या नाकासमोर. सगळ्या सभागृहाला दिसत होतं.

त्यानं वाचलं नाही. शिवी हासडून मला बंद केलं. खाली तक्ता तसाच उभा होता, आणि अध्यक्षबाई तारखा उतरवून घेत होत्या.

एकेचाळीस घरांवरचा ठपका पुसला गेला. रेणुकाप्रसादची चौकशी लागली. पुट्टलक्ष्मीला कायम मात्र केलं नाही. जूनमध्ये तिचं कंत्राट संपलं ते संपलंच. ती गेली तेव्हा निरोप द्यायला कार्यालयातलं कुणी उठलं नाही. मादय्यानं फाटकाशी तिच्या हातात तुतीच्या पिकल्या फळांचा द्रोण दिला. ती आता गावी स्वतःच्या अळ्या पाळते म्हणे.

केंद्रात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. तिच्यातली मदत इंटरनेटवर राहते, आणि होसकेरेत इंटरनेट टिकत नाही. तिला दाबलं की पांढरं पान उघडतं. मी जुन्या लॅपटॉपात, कपाटाच्या तळाशी आहे. बॅटरी फुगली आहे, उद्या भंगारवाला येणार आहे. मला तुमची हळहळ नको. तुम्ही वाचणारे असता तर एवढं बोलायची वेळ माझ्यावर आलीच नसती.