वरचा एक रुपया

मित्रांनो, मुलुंडमधल्या एका ऑडिटरच्या टेबलावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात जो कागदी पट्टीचा जुना कॅल्क्युलेटर दिसतो, तो मी. ऑडिटर म्हणजे दुसऱ्यांचे हिशेब तपासून सही करणारा माणूस. माझे धनी चंद्रप्रकाश सर मला लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आले, तेव्हा माझी बटणं पांढरीशुभ्र होती. बेरीज झाली की मी खर्र करून जांभळ्या आकड्यांची पट्टी बाहेर काढायचो. सर त्या तालावर अभंग गुणगुणायचे. "हा माझा झांजवाला," असं सगळ्यांना सांगायचे.

खूप राबलो मी. मार्च उलटला की मला दम खायला फुरसत नसे. आता सातचं बटण अडकतं, शाई पुसट येते. खरं सांगतो, थकलोय.

दोन वर्षांपूर्वी सरांची मदतनीस क्षमा हिने ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आणलं. पूर्वी आम्ही हजार पावत्यांतून वीस-पंचवीस काढून बघायचो. हे सगळ्याच वाचतं, वहीशी जुळवतं, न जुळणारी ओळ लाल करतं. तेही चहा निवायच्या आत! तेव्हापासून माझ्यावर फायली ठेवतात.

यंदा आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या एका कीर्तन मंडळाचे हिशेब आले. तिथले खजिनदार बाळा. गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचे मालवणकडचे. क्षमाने त्यांच्या मागच्या सहा वर्षांच्या पावत्या पहिल्यांदाच सॉफ्टवेअरला दिल्या आणि पडदा लालेलाल झाला.

"सर, वाट लागली! दोनशे शहाऐंशी पावत्या जुळत नाहीत. वहीत कीर्तनकाराला पाचशे, पावतीवर पाचशे एक. दर गुरुवारी हेच. पावत्या मागाहून बनवल्यात बहुतेक."

मंडळाच्या सचिव सुगंधाताईंनी तर फोनवर सांगूनच टाकलं, "तसा शेरा आला ना, तर रविवारच्या सभेत बाळाकडून तिजोरीच्या चाव्या काढून घेऊ."

क्षमा शेरा लिहायला बसली. सर म्हणाले, "थांब गं. नुसता पूर्वरंग ऐकून कीर्तनातून उठायचं नसतं. आख्यान राहिलंय. बाळाला बोलाव."

बाळा आले. लाल पडदा बघून त्यांचा चेहरा उतरला. घाबरून ते गावच्या बोलीतच बोलले, "सर, तो रुपयो माझो!"

"म्हणजे?"

"समितीने पाचशेच मंजूर केले. पण बिदागी शून्यावर कशी संपवायची? बरं दिसत नाही. म्हणून वरचा रुपया मी खिशातून घालायचो. बुवांना मिळाले पाचशे एक, तर पावती तेवढ्याची. मंडळाचे गेले पाचशे, तर वहीत पाचशे. खोटं कुठे लिहिलं, सर?"

क्षमाने हात कीबोर्डवरून काढले. सर खाली बघत म्हणाले, "माझ्या हातात पाच-सहा वेळा आली असेल ही पावती. नजरचूक समजून टिक करून पुढे गेलो. हिच्या सॉफ्टवेअरने निदान बघितलं तरी."

मित्रांनो, मला फार लागलं ते. इतकी वर्षं मी मंडळाची बेरीज बिनचूक केली. पण तो रुपया कुणी मला सांगितला नाही आणि मला विचारता येत नाही. त्या सॉफ्टवेअरलाही येत नाही.

क्षमाने शेरा बदलला. जादा रुपया खजिनदाराने स्वतः दिला, पुढे समितीने पाचशे एक मंजूर करावेत, असं लिहिलं. मग तिने माझ्यावरच्या फायली उचलल्या, फुंकर मारली आणि एक गुणिले दोनशे शहाऐंशी दाबलं.

"बाळाकाका, एवढं तुमचं येणं आहे. मंडळाकडून मागा ना."

"छे गं! देवाच्या दारात दिलेलं परत मागतात होय?"

तरी पट्टी त्यांनी हळूच फाडली, घडी केली आणि खिशात ठेवली.

मित्रांनो, नवं यंत्र आणा, खुशाल आणा. ते माझ्यापेक्षा खूप बघतं. पण त्याने लाल केलेल्या ओळीमागे माणूस असतो. शेरा लिहायच्या आधी त्याला एक हाक मारा. आणि जमलं तर माझ्यावर एखादं फडकं घाला. रविवारी बाळा सभेला गेले, तेव्हा चाव्या त्यांच्याच कमरेला होत्या.