औषधाच्या दुकानावरचा भोवरा

थर्मन कील माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे, आणि भित्रा साहेब वाईट साहेबापेक्षा जास्त डोकं खातो. बरबँकमधल्या त्याच्या छोट्याशा कंपनीत मी जुन्या चित्रपटांच्या डिस्क तयार करते. ‘आकाश फाटलं तेव्हा’ची डिस्क त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कारखान्याकडे रवाना व्हायची होती, आणि सकाळ झाली तरी साहेबांचं तारांबद्दल काही ठरत नव्हतं.

तारांचं प्रकरण असं. परग्रहावरची यानं कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा गावावर उतरतात आणि दिसेल ते जाळत सुटतात, असा हा पन्नासच्या दशकातला चित्रपट. ती यानं भोवऱ्यासारखी दिसतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना भोवरेच म्हणतो. खरे भोवरे हातात मावतील एवढे, स्टुडिओच्या छताला बारीक तारांनी टांगलेले. थिएटरात लोक ते बघून किंचाळले होते. मग घरी बघायची कॅसेट आली आणि तिच्यात एखादी तार चमकून गेली. लेझरडिस्कवर बऱ्याच दिसल्या. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत चित्र जास्त स्वच्छ झालं आणि तारा जास्त ठळक. शेवटी चाहत्यांनी त्याचा खेळच केला. भोवरा आला रे आला की सगळ्यांनी ‘तार!’ म्हणून ओरडायचं आणि बिअरचा एक घोट घ्यायचा.

त्या तारा बांधणारे ऑरिन हॅस्लेट अजून हयात होते. नव्वदी ओलांडलेली, मुक्काम मुलीकडे. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलेला, त्यामुळे कडेकडेचं धूसर तेवढं दिसायचं. डिस्कसाठी त्यांची मुलाखत घ्यायला गेले तेव्हा मी प्रश्न विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, “पोरी, या वेळी तरी हसणार नाहीत ना?”

मागच्या आवृत्तीच्या वेळी त्यांना सत्काराला बोलावलं होतं, हे त्यांच्या मुलीने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. सभागृह भरलेलं. पहिला भोवरा आला आणि सगळं सभागृह एका सुरात ओरडलं. ऑरिन उठले, टोपी घातली आणि टाळ्या स्वीकारायला थांबलेच नाहीत. हे ऐकून माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

कारण चूक त्यांची नव्हतीच. त्या काळी थिएटरात दाखवायच्या प्रती निगेटिव्हवरून रंग छापून काढत, कापडावर ठसे उमटवावेत तशा. छपाईत रंग किंचित पसरायचा आणि केसाएवढी रेघ त्यात बुडून जायची. ऑरिन त्याच हिशेबाने तारा रंगवत. डिस्क मात्र आम्ही थेट निगेटिव्हवरून करतो. जे प्रेक्षकांनी बघायचंच नव्हतं, ते आमच्यासारख्यांनी घरोघर पोचवलं होतं. म्हणून मी दोन आवृत्त्या तयार ठेवल्या होत्या, एक तारांसकट आणि एक तारा पुसलेली.

“लोक फाडून खातील मला,” थर्मन म्हणाला. “इतिहास पुसला म्हणतील.”

“कुठला इतिहास? थिएटरात तारा दिसतच नव्हत्या.”

“कशावरून? तू होतीस तिथे?”

तेव्हाची छापील प्रत बघितल्याशिवाय कुणालाच ते सांगता येणार नव्हतं, आणि अशी प्रत माझ्या माहितीत एकाच माणसाकडे होती. डेझमंड विक. हा बाबा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी. कॅसेटपासून प्रत्येक आवृत्ती याच्या घरात. ‘तारांना हात लावाल तर खबरदार’ असं इंटरनेटवर चाहत्यांच्या फोरमवर लिहून सगळ्यांना भडकवणाराही हाच. आणि ती छापील प्रत याने कधी चालवलेली नव्हती. या मंडळींची रीतच आहे तशी. जन्मभर वणवण करून प्रत मिळवायची, थंड कपाटात ठेवायची आणि मशीनवर चढवायची नाही, कारण एकदा चालवली की ओरखडा आलाच.

मी त्याला फोन केला. “डेझ, तू तारांसाठी एवढा भांडतोस. तुझ्या स्वतःच्या प्रतीत त्या आहेत की नाहीत, हे तरी तुला माहीत आहे का?”

मग तो म्हणाला, “भोवऱ्यांचं एक रीळ. एकदाच. मशीन मी चालवणार. दुसऱ्या कुणाचं बोट लागलं तर तिथेच बंद.”

थर्मनने त्यावर आपली अट घातली. “एक जरी तार दिसली तरी तारांवाली आवृत्ती जाईल. मग तुझी बडबड ऐकून घेणार नाही.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ऑरिन आल्याशिवाय राहणार नव्हते. गाडीत ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि तिची कड सारखी चाचपत होते. “पहिल्या खेळाला मी मागे उभा होतो,” ते म्हणाले. “पण पडद्याकडे नाही बघितलं, लोकांकडे बघितलं. ते घाबरले, मला तेवढं पुरे झालं. मला वाटतं, नव्हत्या दिसत. पण इतकी वर्षं माणसं हसतायत म्हटल्यावर वाटतं… मीच माझी समजूत घातली असेल, नाही?”

“छे, काहीतरीच.”

“तू मला बरं वाटेल असं बोलू नकोस,” ते जरा चिडूनच म्हणाले. “घरात तेच चाललेलं असतं.”

ग्लेनडेलमधलं एक जुनं थिएटर आम्ही दुपारच्या खेळाआधी तासाभरासाठी मागून घेतलं होतं. आत शिळ्या लोण्याचा आणि पॉपकॉर्नचा वास. डेझमंड सुती हातमोजे घालून रिळाचा डबा छातीशी धरून आला, कुणाशी न बोलता जिना चढून मशीनच्या खोलीत गेला. थर्मन आमच्या मागे बसला आणि लगेच फोनमध्ये तोंड घालून मोकळा झाला. मी ऑरिनच्या शेजारी. दिवे गेले.

रंग बघून मी क्षणभर तारा विसरले. आमच्या डिस्कवर असा लाल रंग नाही, असं हिरवं आकाश नाही. गावातला रस्ता, शेरीफची गाडी, कुत्रं भुंकतंय. मग टेकडीमागे उजेड आणि पहिला भोवरा वर आला. प्रत्येक तार मी स्वतःच्या हाताने पुसलेली, त्यामुळे कुठे बघायचं ते मला पाठ होतं. मी तिथे बघितलं. काही नाही. नुसतं आकाश. दुसरा भोवरा, काही नाही. चर्चवर तीन एकदम आले. मी डोळ्याची पापणीही लवू दिली नाही, आणि तरी काही नाही.

मग भोवरा औषधाच्या दुकानावर आला. खाली माणसं पळतायत, तो सावकाश वळतो, आणि वळताना डावीकडे एक पांढरी रेघ स्वच्छ दिसली. दिसली आणि गेली.

मी मागे बघितलं. थर्मन कुणालातरी मेसेज लिहीत होता. वर डेझमंड मशीनमध्ये गुंतलेला असणार. ऑरिनना तर दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे ती रेघ मी एकटीनेच बघितली होती. रिळाच्या शेवटापर्यंत उरलेली प्रत्येक जागा मी डोळे फाडून बघितली, पण आणखी एकही दिसली नाही.

दिवे लागले. थर्मन उठला, अंग ताणलं आणि म्हणाला, “मला तर काही दिसलं नाही बुवा. चला, जाऊ दे तुझी पुसलेली.”

जिंकले होते मी. फक्त तोंड मिटून उठायचं होतं. पण ऑरिननी माझं मनगट धरलं.

“त्याचं सोड, तो फोनवर होता. तू सांग. दिसली का एखादी?”

नाही म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं? डिस्क हवी तशी निघाली असती, पुन्हा कुणी हसलं नसतं. पण गाडीतलं त्यांचं ते चिडणं मला आठवलं. हा माणूस इथे डिस्कसाठी आलाच नव्हता.

“हो,” मी म्हटलं. “एक.”

“काय?” थर्मन मागून ओरडला.

ऑरिनची पकड घट्ट झाली. “कुठे?”

“औषधाच्या दुकानावर. भोवरा वळतो तेव्हा. डावीकडची, पुढची.”

त्यांनी माझा हात सोडला. चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपवलं मी यांना. मग कळलं की ते हसतायत, आणि डोळ्यांतून पाणीही वाहतंय.

“तीच! तीच ती बया! दिवा हलवला होता कुणीतरी. मी दिग्दर्शकाला म्हटलं, तार चमकतेय, परत घेऊ. तो म्हणाला, लोक खाली पळणाऱ्या माणसांकडे बघतील, वर कोण बघणारे? मी म्हटलं, मी बघेन. तोवर तो जेवायला गेलासुद्धा.” त्यांनी बाहीने डोळे पुसले. “आणि बाकीच्या?”

“बाकीची एकही नाही. प्रत्येक जागा बघितली मी.”

“नक्की?”

“नक्की, ऑरिन.”

“एकही नाही म्हणाली असतीस तर मी तुझे आभार मानून घरी गेलो असतो,” ते म्हणाले. “आणि तुझ्यावर काडीचा विश्वास ठेवला नसता.”

थर्मनने घसा खाकरला. “ते सगळं ठीक आहे, पण अट म्हणजे अट. लेनोरा, तूच हो म्हणाली होतीस. एक दिसली.”

“अरे, काय माणूस आहेस तू!” मी उसळले, पण ऑरिननी हात वर केला.

“साहेब, जी दिसली ती ठेवा. ती माझी आहे, मला कबूल आहे. ज्या कुणालाच दिसल्या नव्हत्या, त्या माझ्या नावावर कशाला घालता?”

“आणि फोरमवरची जनता? ती मला—”

“जनतेचं मी बघतो,” मागून आवाज आला. डेझमंड जिन्याच्या तोंडाशी उभा होता, हातमोजे तसेच. त्याचा चेहरा उतरलेला होता. “मी खिडकीतून बघत होतो. ती एक माझ्या नजरेतून सुटली. लहानपणापासून तारा मोजत आलोय मी, कुणाहीपेक्षा जास्त मोठ्याने ओरडलोय.” त्याने पडद्याकडे बघितलं. “आज पहिल्यांदा भीती वाटली मला त्या भोवऱ्यांची.”

थर्मन आमच्या तिघांकडे बघत राहिला. “एक तार,” तो शेवटी म्हणाला. “औषधाच्या दुकानावरची. संध्याकाळच्या आत बसव.” आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. तेवढं काम सोपं होतं, तो एक तुकडा दुसऱ्या आवृत्तीतून उचलायचा.

मी ऑरिनना उठवायला हात दिला. त्यांनी घेतला नाही. ते आवाजाच्या रोखाने डेझमंडकडे वळले.

“परत लावतोस का रे?”

एकदाच असं ठरलं होतं आणि का ठरलं होतं ते ऑरिननाही चांगलं ठाऊक होतं. डेझमंड हातमोज्याचं टोक ओढत उभा राहिला. मग वळला आणि जिना चढायला लागला. वर रीळ उलटं गुंडाळल्याचा आवाज आला आणि दिवे पुन्हा गेले.

ऑरिन टोपी काढून ताठ बसले. रस्ता आला, शेरीफची गाडी आली.

“आला का?” त्यांनी विचारलं.

“आला. टेकडीमागून वर येतोय.”

“तारा?”

“नाहीत.”

“मग आता बोलू नकोस,” ते म्हणाले. “बघू दे मला.”