पिच्चर आमना शे

पलकने वर्षभर भुसावळ स्टेशनबाहेर उघड्यावर राहणाऱ्या कलावंतांचं चित्रीकरण केलं होतं. त्या माहितीपटाचा पहिला खेळ जळगावात होता. त्यात गाणाऱ्या प्रमिलाबाई आणि कोळशाने भिंतीवर चित्रं काढणारे हिलाल नाना, या दोघांना तिने सोबत आणून पहिल्या रांगेत बसवलं.

खेळ सुरू झाला आणि सभागृहाचे व्यवस्थापक वाकून पलकच्या कानाशी आले. "ताई, या दोघांना बाहेर बसवा. पाहुण्यांना वास येतोय."

नानांनी ते ऐकलं. खुर्चीचे हात घट्ट धरून ते मोठ्याने म्हणाले, "पिच्चर आमना शे. आम्ही बाहेर काब्र बसूत?"

"पिक्चर त्यांचाच आहे. ते इथेच बसतील," पलक म्हणाली.

व्यवस्थापकांनी रागाने प्रोजेक्टर बंद केला. पडद्यावर प्रमिलाबाई गात होत्या, ते गाणं मध्येच तुटलं. लोक कुजबुजू लागले. तेव्हा प्रमिलाबाई जागेवरच उभ्या राहिल्या आणि तुटलेल्या ओळीपासून पुढे गाऊ लागल्या. आवाज चिरका झाला होता, पण त्या थांबल्या नाहीत. एकही माणूस उठला नाही. गाणं संपल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "चालू करा!" मग सगळेच ओरडले. शेवटी प्रोजेक्टर चालू करावा लागला.

पुढच्या खेळासाठी धुळ्याहून आयोजकांचा फोन आला. "ती माणसंही येणार आहेत का?"

"ती येणारच आहेत," पलक म्हणाली. "तुम्ही यायचं की नाही, ते ठरवा."