ओव्याची धुरी

बाळ रडायला लागलं की हर्षालीच्या बांगड्या वाजायच्या थांबायच्या. एरवी भांडी घासताना, दुपटी पिळताना हिरव्या काचेची ती किणकिण सुकापूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरभर सांडलेली असे; आणि पाळण्यातून पहिला हुंदका उठला, की पाखरांनी भरलेलं झाड एकाएकी मुकं व्हावं तशी शांतता. मान वळवून बघावं तर ही दाराच्या चौकटीत उभी, दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले, दृष्टी पाषाणासारखी स्थिर. पोटच्या लेकराला उचलायचं नाव नाही.

इतकी वर्षं मी पनवेलमध्ये बाळं न्हाऊ घालते. पण खरं सांगू का, असली बाळंतीण पाहिली नव्हती. मनात पाल चुकचुकली. तेल चोळताना माझी बोटं बाळाच्या अंगावरून मायेनं फिरत, आणि डोळे मात्र चोरासारखे हिंडत: काखेत, जांघेत, कानामागे, कुठे चिमट्याची निळी खूण दिसते का. खूण नसे, आणि नसे म्हणूनच संशय अधिक गडद होई.

तिच्या सासूबाईंनाही तोच घोर. एकदा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "काकू, लेकरू रोज तुमच्या हाताखालून जातं. तुम्ही नुसतं हो म्हणा, मी त्याला उचलून साताऱ्याला नेते. हिच्यापेक्षा पाळण्यावरचा लाकडी राघू बरा, तो हलतो तरी!"

म्हणजे बघा, अडीच महिन्यांच्या त्या जिवाचं आईजवळ राहणं माझ्या एका शब्दावर येऊन टेकलं होतं. आणि तो शब्द माझ्या ओठांवर आलेला होता.

पौषातली सकाळ. खिडकीतलं ऊन हळदीच्या पाण्यासारखं फिकट. गारठा फार, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच मी शेगडीत निखारे फुलवले, वर ओवा आणि वावडिंग टाकलं, आणि न्हाऊन गुंडाळलेल्या बाळाला त्या सुगंधी धुरावर अलगद धरलं. बाळ रडलं. हर्षाली चौकटीतच होती. धूर तिच्यापर्यंत पोचला मात्र, ती झेपावली. बांगड्या कडाडल्या, दोन फुटल्याही. माझ्या हातून लेकरू हिसकून, त्याच्या डोळ्यांवर तळवा ठेवून ती कुजबुजली, "डोले मीट, बाला. शास घेव नको. आता सरल."

हे शब्द तिला कुणी शिकवलेले नव्हते. कुठल्यातरी धुरात बसून तिनंच ते स्वतःला सांगितलेले होते.

"अगं, ओवा आहे तो."

"मिरच्या नाय?"

"नाही गं, माझे आई."

मग कळलं. आईबापाविना ती समुद्रकाठच्या करंजाला मामीकडे वाढली. रडली, की मामी निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकून तिला गोणपाटाखाली बसवी, रडं आटेपर्यंत.

"आजी, ह्यो रडला का माज्या हातात मामी येते," ती म्हणाली. "म्हणून दाबून धरते हात."

सासूबाई भाजी घेऊन आल्या. बाळाच्या कपड्यांची पिशवी भरून तयारच होती. "काय मग, काकू?"

"बाळ इथेच राहील," मी म्हटलं.

पण खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशीही माझे डोळे खुणा शोधतच होते. फक्त आता हर्षाली शेजारी बसली होती, आणि माझ्या हातांकडे तितक्याच संशयानं बघत होती. मी तिचा हात तेलात बुडवला, बाळाच्या पोटावर ठेवला. हात काखेकडे वळू पाहत होता. पण तिथेच राहिला.

माझ्या मुलांना मीही हसत हसत म्हणत असे, गप्प बसा, नाहीतर मिरचीची धुरी देईन. दिली कधीच नाही हो. ती आता दूर आहेत, आपापली लेकरं मांडीवर घेतात. पोरं रडली की तुमच्या हातात कोण येतं, हे फोनवर विचारायचं रोज ठरवते, आणि विचारत नाही. निखारे विझतात, शेगडी मोडीत जाते, धूर घालणारी माणसंही निघून जातात. एखाद्या लेकरानं रोखून धरलेला श्वास मात्र काळाच्या छातीत तसाच अडून राहतो.