एका वेळची सुई

राजलक्ष्मीबाईंनी शामलाचे मनगट धरले आणि तिच्या हातातली सिरिंज काढून घेतली.

"राहू दे. आज मीच देते."

"मावशी, कल भी आपने यही कहा था," शामला म्हणाली. मग मराठीवर आली. "भोपाळला कोण येणार आहे सुई लावायला?"

राजलक्ष्मीबाईंनी तिच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली आणि बोळा जरा जास्तच वेळ दाबून धरला.

शामला आठ वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला. तेव्हापासून अकरा वर्षे राजलक्ष्मीबाई सकाळ-संध्याकाळ इंदरगंजातल्या आपल्या घरून खासगी बाजार मोहल्ल्यात तिच्या घरी इन्शुलिन द्यायला येत होत्या. सुरुवातीला त्या संस्थानी इस्पितळात नर्स होत्या. पुढे संस्थान गेले, मध्यभारत राज्य आले, इस्पितळाची पाटी बदलली. त्यांचे येणे बदलले नाही. आता मध्यभारतही नव्या मध्य प्रदेशात मिळाला होता. सचिवालय भोपाळला चालले होते, आणि शामलाचे वडील मधुसूदनराव सचिवालयात होते. पंधरा दिवसांत बिऱ्हाड हलणार होते. डॉक्टर राजवाड्यांनी शामलाला दिवसातून एकदाच घ्यायचे नवे, दुधट इन्शुलिन सुरू केले होते आणि सांगितले होते, तिचे तिने टोचून घ्यायला शिकावे.

त्याच दुपारी राजलक्ष्मीबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या.

"एका वेळची सुई पुरते, हे मान्य, डॉक्टरसाहेब. पण ती पोरीच्या हाती द्यायची? एक रेघ जास्त भरली तर बेशुद्ध पडेल. मी इतकी वर्षं भरतेय, तरी अजून दोनदा बघते."

"तीही दोनदा बघेल."

"तिथे नर्स असतील की. आपण चिठ्ठी द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धाकधूक मलाही आहे, बाई. रोग्यानं आपलं औषध आपण मोजायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. पण उद्या तिचं लग्न होईल, ती कुठेही जाईल. प्रत्येक गावी तिच्यासाठी राजलक्ष्मीबाई कुठून आणू?"

परतताना त्यांना लहानगी शामला आठवत राहिली. सुईला घाबरून ती धान्याच्या कोठीमागे दडून बसायची. टोक बोथट झाले की दुखते, म्हणून राजलक्ष्मीबाई घरी दगडावर सुई घासून आणायच्या. एका दसऱ्याला सुई लवकर देऊन त्यांनी तिला महाराजांची सवारी बघायला नेले होते. हत्ती दिसेनात म्हणून पोरगी रडू लागली, तेव्हा पांढऱ्या गणवेशातच तिला खांद्यावर बसवले. तिच्या चपलांचे डाग गणवेशावर उमटले आणि दुसऱ्या दिवशी मेट्रनची बोलणी खावी लागली. त्या बोलण्यांचाही आता राग येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शामलाला स्वतः टोचू दिले, पण त्यांचा हात तिच्या हातापासून वीतभरच लांब असे. दुपारीही काही निमित्त काढून त्या डोकावून जात. अशाच एका दुपारी आल्या, तर शामला बांधलेल्या वळकटीवर बसलेली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. तिची आई वनमालाताई मागच्या अंगणात होती. साखर उतरल्याचे ओळखून राजलक्ष्मीबाई साखरेच्या डब्याकडे धावल्या.

"घेतली, मावशी," शामला म्हणाली. तिच्या हातात रिकामा पेला होता. "साखरेचं पाणी प्यायले. थोडं थांबा. भांडी बांधता बांधता जेवायला उशीर झाला. गलती मेरी है."

दहा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. राजलक्ष्मीबाई अजून उभ्याच होत्या.

"तुला कळतं कसं?"

"आधी ओठांना मुंग्या येतात. मग पुस्तकातली अक्षरं हलायला लागतात. तिथवर मी जाऊच देत नाही."

राजलक्ष्मीबाई खाली बसल्या. शामलाच्या लघवीच्या तपासाचे रंग, वजन, किती भरले, कधी दिले, सगळे त्यांच्या वहीत तारीखवार होते. ओठांच्या मुंग्या कुठेच नव्हत्या. त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही असायच्या ना," शामला म्हणाली.

पुढचे पाच दिवस त्यांनी तिला मनापासून शिकवले. बाटली हलवायची नाही, तळव्यांत हळू फिरवायची. आज उजवी मांडी, उद्या डावी. प्रवासात सिरिंज कशात ठेवायची, ताप आला तर काय करायचे. निघायच्या दिवशी शामलाने सुई घेतली, तेव्हा राजलक्ष्मीबाई वनमालाताईंना लोणच्याची बरणी बांधायला मदत करत होत्या.

जानेवारीत भोपाळहून पत्र आले. शामलाने लिहिले होते, इन्शुलिन इथल्या दवाखान्यातून मिळते. पण सिस्टर बाटली घरी नेऊ देत नाहीत. रोज दहाला येऊन टोचून घे, म्हणतात. तोवर उपाशी राहावे लागते. मला येते म्हटले, तर म्हणाल्या, हे पेशंटचे काम नव्हे. बाबा म्हणतात, वाद घालू नकोस. मावशी, मी काय करू?

राजलक्ष्मीबाईंना आधी त्या सिस्टरचा राग आला. मग पत्र पुन्हा वाचताना 'पेशंटचे काम नव्हे' या शब्दांपाशी त्या थांबल्या. त्यांनी कागद पुढे ओढला. शामलाला संध्याकाळी लिहिणार होत्या. त्याआधी हे पत्र त्या सिस्टरला.

'प्रिय भगिनी,' त्यांनी लिहिले. 'आपली ओळख नाही. मीही नर्स आहे. शामलाचा हात पक्का आहे, तिला बाटली घरी नेऊ द्यावी. हे मला पटायला अकरा वर्षे लागली, म्हणून आपल्याला दोष देत नाही. एवढेच करा, साखर उतरते तेव्हा तिला काय होते, ते तिलाच विचारा. ती नीट सांगते.'

मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली.

'ती यायची थांबली की सकाळी काही दिवस चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. मग सवय होते.'

शेवटचे वाक्य खरे आहे की नाही, हे त्यांना अजून ठाऊक नव्हते. पण त्यांनी ते खोडले नाही. कागदाची घडी घातली आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.