बिनजळजळीची गोळी

मी एक जुनी, तपकिरी काचेची औषधाची बाटली आहे. मित्रांनो, आज माझ्यात शर्टाची बटणं भरली आहेत. पण एके काळी माझ्यामुळे दोन जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या.

माझा जन्म भट्टीतला. कारखान्यात गोळ्या भरून घ्यायला रांगेत उभी होते, तेव्हा काचेपलीकडे दुखण्याच्या औषधात कसलीशी पांढरी भुकटी मिसळताना दिसली. माझ्या मनात पाल चुकचुकली. भेसळ तर नव्हे?

पुढे एका धाकट्या जावेनं मला घरी आणलं, थोरलीसाठी. थोरली शिवणकाम करायची. तिचा खांदा असा धरला होता की हात वर होईना. आधीच्या गोळीनं पोटात आग पडायची. माझ्या गोळीनं पडली नाही आणि तिथंच माशी शिंकली.

"जळत नाही, म्हणजे औषधच नाही," थोरली पुटपुटली. "माझ्या माथी खडू मारलाय. मी आडवी पडले की मशीन हिचंच!"

धाकटीच्या हातचा चहासुद्धा तिनं सोडला. मला उजेडात धरून पाहिलं, झाकण हुंगलं. शेवटी बशीत गोळी ठेवून वर लिंबू पिळलं. बुडबुडे फसफसले!

"सोडा! सापडली चोरी!"

मला मुठीत धरून ती तडक औषधाच्या दुकानात गेली. मागोमाग रडवेली धाकटी.

"ताई, हे दुखण्याचं औषधच मुळात आंबट," दुकानदार म्हणाला. "म्हणून त्यात आंबटपणा मारणारी भुकटी घालतात; लिंबानं फसफसली ती तीच. गोळी लवकर विरघळते, पोटाला कमी टोचते. पण कमीच हं! उपाशीपोटी घ्यायची नाही, आणि एकीच्या दोन करायच्या नाहीत."

"मला वेडी समजता?" थोरलीनं मला डोक्यावर उंच नाचवलं.

"ताई, दुखतो तो हात हाच ना?" दुकानदारानं विचारलं.

तिनं वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. हात सावकाश खाली आला. माझीही शंका फिटली.

घरी आल्यावर चूक कबूल करणं काही तिला जमलं नाही. "आधी गोळी की आधी जेवण?" तिनं विचारलं.

"जेवण," धाकटी म्हणाली.

"मग दोन ताटं घे. एकटीला घास उतरत नाही मला."

मित्रांनो, बाटलीवर जरूर संशय घ्या. तारीख वाचा, जाणकाराला विचारा. पण घरच्या माणसावर संशय आला, तर लिंबू पिळत बसू नका, त्याच्याशीच बोला.