राधामावशीच्या ग्रुपवरचा बायोडेटा

मला कामावरून काढलं. तीन शब्दांचं सरळ वाक्य आहे. पण ते उच्चारायचं नाही, असं शंतनु मला चार महिने शिकवत होता.

शंतनु म्हणजे करिअर कोच. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर बसायचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला काढलं की कंपनी त्याला अशी शिकवणी लावून देते. आधी जिन्यावरून ढकलायचं, मग खाली उभं राहून मलम द्यायचं. मी ते मलम घेतलं, कारण एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी कशी शोधतात हे मला खरंच माहीत नव्हतं. माझी पहिली नोकरी गोदामात लोडिंग सुपरवायझरची. तिथून त्याच कंपनीत पायरी पायरीनं चढत व्हाइस प्रेसिडेंट झालो होतो. मधे कुणाकडे अर्ज म्हणून केलाच नव्हता.

शंतनुचे नियम होते. बेकार म्हणायचं नाही, 'ट्रान्झिशनमध्ये आहे' म्हणायचं. रोज पाच ओळखीच्यांना मेसेज, आठवड्याला तिघांबरोबर कॉफी. बायोडेटातून नाईट कॉलेज काढायचं, लोडिंग सुपरवायझर काढायचं, आणि पत्त्यात डिलाईल रोड लिहायचं नाही. मी विचारलं, आडनाव ठेवू का? त्यानं थोडा विचार केला. त्या थोड्या विचाराचा मला आजही राग येतो.

कॉफ्या मी अकरा प्यायलो. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं मीटिंगला बसलेली माणसं. यायची, खांद्यावर हात ठेवायची, बाजार किती वाईट आहे ते सांगायची, 'टचमध्ये राहू' म्हणायची आणि टचमधून जायची. कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका हेडहंटरनं बिस्किट मोडता मोडता विचारलं, गमरे म्हणजे मूळचे कुठले? हा प्रश्न मला पहिलीपासून ओळखीचा आहे. तो गावाबद्दल नसतो. म्हटलं, तुम्हाला हवंय ते उत्तर देतो. आम्ही बौद्ध, कोकणातले, मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढलो आणि अजून तिथेच राहतो. त्यानं उरलेली कॉफी एका घोटात प्यायली. गरम होती.

घरी मात्र मीही काही हरिश्चंद्र नव्हतो. अक्षताला, म्हणजे बायकोला, पहिल्याच दिवशी सांगितलं. बाबांना सांगितलं की आता वर्क फ्रॉम होम आहे. बाबा, बुधाजी गमरे, तीस वर्षं गिरणीत साच्यावर कापड विणलेला माणूस. आठ दिवस त्यांनी मला पाहिलं. नवव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, कामावरचा माणूस दुपारी दोनदा भांडी घासत नाही. आणि पेपर वाचायला लागले. झालं आमचं सांगणं.

चौथा महिना संपत आला तशी माझी झोप उडाली. शिकवणी संपणार होती, मेसेज करायला माणसं उरली नव्हती, आणि मला भीती अशी वाटायला लागली की मला बोलावणारं आता कुणीच नाही. पन्नाशीला माणूस निवृत्तही होत नाही आणि कुणाला लागतही नाही. तेव्हा शंतनु म्हणाला, जवळचे संपले असतील तर लांबच्या ओळखी वापरा, ज्याच्या ओळखी भरपूर आहेत अशा एका माणसाला गाठा.

असा एकच माणूस मला ठाऊक होता. शेजारची राधामावशी.

राधामावशी परळच्या हॉस्पिटलात आया होती. रिटायर झाल्यापासून ती समाजातली लग्नं जुळवते. वर्षातून एकदा हॉल घेऊन मेळावा भरवते. मुलंमुली एकेक करून स्टेजवर जातात, माइक धरतात, नाव, शिक्षण, गाव, अपेक्षा सांगतात आणि घाम पुसत खाली येतात. एरवी सगळा कारभार तिच्या मोबाइलवर. सातशे घरांचा ग्रुप आहे तिचा.

मी तिला माझा तीन पानी इंग्रजी बायोडेटा दिला. तिनं तो लांब धरून पाहिला. विचारलं, यात तू कुठे आहेस? मग आमच्या ओट्याशी बसली आणि स्वतःचा छापील फॉर्म काढून मला एकेक रकाना विचारायला लागली. नाव, शिक्षण. नाईट कॉलेज म्हटल्यावर म्हणाली, ते मोठ्यानं सांग, मी मोठ्या अक्षरात लिहिते. वडलांचा व्यवसाय, गाव, व्यसन. एका रकान्यात छापलं होतं, 'पहिलं मोडलं असल्यास कारण'. मी ओटा पुसायला घेतला. तिनं लिहिलं, 'पहिली नोकरी मोडली. कारण समक्ष विचारावे.' अपेक्षा या रकान्यात लिहिलं, 'मनाजोगतं काम. मुंबईत असल्यास उत्तम.' माझा एक फोटो काढला, ज्यात मागे कपडे वाळत होते, आणि गेली.

मला वाटलं, ती दोनचार ओळखीच्यांना दाखवेल. तिनं तो फॉर्म ग्रुपवर टाकला. आणि घाईत वैवाहिक स्थितीचा रकाना कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला फोन. कल्याणहून एक गृहस्थ. माझी उंची विचारत होते. मी समजलो, उंचीचा संबंध कंपनीच्या विम्याशी असेल, सांगितली. मग म्हणाले, आमची बहीणही अशीच मोडलेली आहे, स्वभावाला शांत आहे. अक्षतानं माझ्या चेहऱ्याकडे पाहून फोन स्वतःकडे घेतला. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते, चाळीस मुलांना एका वेळी गप्प करायची तिला सवय.

"मी त्यांची बायको बोलतेय," ती म्हणाली. "स्थळ चांगलंय, पण नवरा म्हणून रिकामं नाही. बाकी पूर्ण रिकामं आहे. तुमच्याकडे काही काम असेल तर बोला."

दिवसभरात असे चौदा फोन. संध्याकाळपर्यंत तिचं हे वाक्य चाळीत पाठ झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या बायका मला जिन्यात बघून तोंडाला पदर लावायच्या. मी राधामावशीवर चिडायला गेलो, तर ती आधीच माझ्यावर चिडलेली. म्हणाली, मेल्या, बायको आहे हे तू सांगायचं की मी ओळखायचं? तिनं अक्षताच्या हातचा भात शंभरदा खाल्ला होता. पण वादात ती कधी हरलेली नाही.

पंधरावा फोन धोंडू कासारे या माणसाचा. चिंचपोकळीला त्यांचं गोदाम. हॉस्पिटलांना सलाइन, ग्लोव्हज, बँडेज पुरवतात. वय झालं, आता मुलगी सलोनी धंदा बघते. अक्षतानं तिचं वाक्य म्हटलं. पलीकडून म्हातारा शांतपणे म्हणाला, ते कळलं आम्हाला. जावई नकोच आहे, गोदाम सांभाळणारा माणूस हवाय. रविवारी बघायला येतो.

आणि खरंच बघायला आले. धोंडूकाका, सलोनी, आणि मधे बसायला राधामावशी. जय भीम झाला, पाणी झालं. अक्षतानं पोहे केले आणि ट्रे माझ्याच हातात दिला. मी व्हाइस प्रेसिडेंट असताना बोर्डासमोर एवढा घाबरलो नव्हतो. शंतनुनं शिकवलेलं, आत शिरताना आत्मविश्वासानं हस्तांदोलन करा. हातात ट्रे असताना काय करायचं ते शिकवलं नव्हतं.

धोंडूकाकांनी गाव विचारलं. या वेळी तो प्रश्न खरंच गावाबद्दल होता, कारण पुढे त्यांनी आणि बाबांनी दहा मिनिटं खेडच्या एका ओढ्यावर घालवली. मग सलोनी बोलली. पस्तिशीची असेल, हातात वही. तिनं विचारलं, तीन हॉस्पिटलांचे फोन एकदम येतात, टेम्पो एक आहे, आणि निम्म्या सलाइनची मुदत दोन महिन्यांत संपतेय, काय कराल? मी पोह्यांची बशी खाली ठेवली. कुणाला आधी, का, कुठला माल पुढच्या रांगेत, कुठला मागे, टेम्पोनं कुठल्या गल्लीतून जायचं, सगळं बोटानं चटईवर काढून दाखवलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मला स्वतःचा आवाज आवडला. सलोनी वहीत लिहीत होती. बाबा उगाचच खाकरत होते.

मग धोंडूकाका म्हणाले, "पहिलं का मोडलं?"

माझ्या तोंडून शंतनुचं वाक्य निघायला लागलं. संस्थेच्या पुनर्रचनेनंतर मी नव्या संधींचा... बाबांनी पेपर नसताना पेपर खाली ठेवावा तशी मान खाली घातली. मी तिथेच थांबलो.

"खरं सांगतो," मी म्हटलं. "भिवंडीच्या गोदामातली बेचाळीस माणसं काढायची होती. यादी मी केली. गेटवर जाऊन तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून एक पत्र लिहिलं. गोड लिहिलं. तुमचं योगदान आम्ही विसरणार नाही वगैरे. ते सगळ्यांना मोबाइलवर गेलं. दोन महिन्यांनी तेच पत्र मला आलं. फक्त नाव बदललेलं. स्वल्पविरामही माझेच होते."

अक्षतालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तिला काढल्याचं सांगितलं होतं, पत्राचं नाही.

सलोनीनं वही मिटली. म्हणाली, आम्हाला माहीत होतं. स्थळ बघायला निघण्याआधी चौकशी करतात ना, ती आम्ही केली. त्या बेचाळिसांतला एक आमच्याकडे आहे. वैभव. गोदामात माल पाठवायचं सगळं तोच बघतो. तो म्हणाला, कामात हा माणूस एक नंबर. आणि म्हणाला, पत्र आलं तेव्हा मी डबा उघडला होता.

"मला तुम्ही चालाल," सलोनी म्हणाली. "पण तुमच्या हाताखाली काम वैभवला करावं लागणार. उद्या जाऊन त्याला भेटा. तो हो म्हणाला तर हो. तो नाही म्हणाला तर पोहे छान होते."

ती माणसं गेल्यावर अक्षता ताटं आवरता आवरता एवढंच म्हणाली, त्या बेचाळीस जणांच्या बायकांनी काय ऐकलं असेल त्या दिवशी. मी भांडी घासली. दुसरं काय करणार.

सोमवारी आठला चिंचपोकळीला पोचलो. स्टेशनकडे जाणाऱ्या गर्दीच्या उलट्या दिशेनं एक गल्ली, दोन्हीकडे वर्कशॉप, टोकाला गोदाम. वैभव दारातच खोकी मोजत उभा. तिशीचा, दाढी राखलेला. मला त्याचा चेहरा आठवला नाही, आणि नाही आठवला याची लाज वाटली. त्यानं मला बसायला सांगितलं नाही.

"यादी केली तेव्हा माझं नाव माहीत होतं, साहेब?"

शंतनुनं अशा प्रश्नाला तीन उत्तरं शिकवली होती. मी चौथं दिलं. "नाही. माझ्यासमोर नुसते एम्प्लॉयी नंबर होते."

त्यानं मान हलवली. रागावला की नाही, कळलं नाही. म्हणाला, इथे नऊ माणसं आहेत. संध्याकाळी सहाला नऊ नावं सांगा. कुणी काय करतं तेही सांगा. वही काढायची नाही. नाही जमलं तर मी सलोनीताईला फोन करतो आणि तुम्ही घरी.

इथे माझी पदवी, माझी इतकी वर्षं, काही उपयोगाची नव्हती. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मनूताई ग्लोव्हजचे बॉक्स लावते, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवीकडून बोलायचं. सम्यक बिलं करतो आणि दिवसभर गाणं पुटपुटतो, एकच. कालिंदीबाई मुदतीच्या तारखा बघते, चष्मा न लावता, आणि चुकत नाही. मी खोकी उचलत होतो, प्रश्न विचारत होतो, शिव्या खात होतो. एकदा सलाइनचं खोकं उलटं ठेवलं तर कालिंदीबाई म्हणाली, एवढ्या मोठ्या कंपनीत बाण वाचायला शिकवत नाहीत का. सगळे हसले. मीही. दुपारी त्यांनी मला जेवायला मधे घेतलं. वैभव लांब बसून जेवला.

सहाला तो समोर उभा राहिला. वहीशिवाय मी सुरुवात केली. एक, दोन, चार, सात, आठ. आठांची नावं, कामं, मनूताईचा कानसुद्धा. आणि तिथे अडकलो. नववा म्हणजे टेम्पोवाला. दुपारी उशिरा आला, माल भरून निघून गेला, आणि आत्ता परत येऊन बाहेर लावत होता. त्याला मी दिवसभरात 'ए टेम्पो' अशी एकच हाक मारली होती.

अंदाजानं एखादं नाव ठोकून द्यावं असा विचार डोक्यात येऊन गेला. खोटं कशाला बोलू. आला.

"नववं माहीत नाही," मी म्हटलं, आणि वैभव काही म्हणायच्या आत बाहेर गेलो. टेम्पोच्या खिडकीशी उभा राहून त्याला सांगितलं, मी अभय गमरे, सकाळपासून इथे आहे, तुमचं नाव विचारायचं राहिलं.

"अर्णव," तो म्हणाला. "मुलाखत घेताय का? मागे परतीची दोन खोकी आहेत, आधी हात लावा."

मी मागे गेलो. पहिलं खोकं उचललं तेव्हा वैभव दारात येऊन फोनवर बोलत होता. बराच वेळ ऐकून घेत होता. मग त्याचा आवाज आला, "हां ताई. नऊपैकी आठ. नववं विचारून आला. चालेल."

दुसरं खोकं जड होतं. वैभव खाली उतरला आणि त्यानं त्याची दुसरी बाजू धरली.